अर्धं बोट ढील

पार्सल आलं तेव्हा तांडापेठेत वीज नव्हती.
कुलर गप्प, खसाच्या ताट्या वाळून कडकडीत,
आणि हेडाऊकाका रिकाम्या मागाच्या खड्ड्यात
सवयीनं पाय सोडून बसलेले.
माग भंगारात गेला त्याला सहा वर्षं झाली.
खड्डा कोण विकत घेणार?

मी खोका फोडला. तळहाताएवढी काळी वस्तू,
दोन शिंगं, एक स्प्रिंग, एक दोरी.
"हे काय व्हय?"
ड्रॉप-अवे रेस्ट. बाणाचा टेकू, काका.
बाण सुटला की खाली पडतो.
"पडते? अन् पडाले पैसे देल्ले तू?"
किती दिले ते मी सांगितलं नाही.

घामानं अ‍ॅलन की दोनदा निसटली.
तिसऱ्यांदा राइजरला बोल्ट बसला.
बाण चढवला, वर पाणसळ ठेवली,
बुडबुडा मधोमध येईस्तोवर श्वास धरला.
मग मागून एक डोळा मिटून पाहिलं:
तार आणि बाण एकावर एक.
इथवर सगळं पत्रकात होतं.

केबलीला दोरी बांधायचं चित्रही होतं,
पण माझी गाठ सरकायची. तीनदा सरकली.
काकांनी हात पुढे केला, जेवताना मीठ मागावं तसा.
अंगठ्याला थुंकी, एक वेढा, दुसरा त्याच्या पोटातून.
तुटलेला ताणा सांधायची तीच रीत,
फक्त हा धागा जाड होता, गुळगुळीत होता
आणि काकांना तो आवडला नाही.
"याले सुताची लाजच नाही."
गाठ मात्र हलली नाही.

फणीची जुनी चौकट अजून माळ्यावर होती.
तिच्यावर वर्तमानपत्र ताणलं, मागे चिंध्यांची पोती.
सहा फुटांवरून पहिला बाण.
टोकाचं भोक, आणि त्याच्या वर दीड इंच चीर:
शेपटी उचलून गेलेला.
दुसरा, तीच चीर.
तिसरा, तीच, एका निविदा सूचनेच्या मधून.

घामोळ्यांची पावडर पिसांवर शिंपडली.
चौथा मारला, उपसून पाहिला:
खालच्या पिसाची पावडर पुसलेली
आणि टेकूच्या डाव्या शिंगाला पांढरा डाग.
चोरी सापडली, चोर सापडला,
कारण सापडेना.
नॉकची जागाच बदलावी म्हणून मी पक्कड उचलली.

"थांब. आखीन एक मार."
काकांनी डोळे मिटले.
धोटा पेटीत पोचला की अडला,
हे चाळीस वर्षं त्यांना कानांनीच सांगितलं होतं.
मारला.
"दोन आवाज येऊन राहिले. एक तारेचा.
अन् त्याच्या मांगून हा पडते त्याचा.
पोरी, हा उशिरा पडून राहिला."

दोरी ताठ होती, एवढंच.
मी तार अर्धी ओढते न ओढते तोच टेकू उभा,
लग्नघरातल्या हौशी मामासारखा,
सगळ्यांच्या आधी हजर
आणि वऱ्हाड निघालं तरी दारातच.

अर्धं बोट ढील दिली.
आता तो ओढीच्या शेवटच्या इंचात उठतो.
उशिरा उठतो म्हणून लवकर पडतो.
हे मी काकांना दोनदा समजावलं.
"माह्या घरी तर असं कोनी नाही," म्हणाले.

सहावा बाण.
एकच आवाज.
कागदात एक भोक
आणि भोकाला तीन बारीक चिरा, पिसांच्या, बस.

तेवढ्यात वीज आली. कुलर खोकला,
कोरड्या ताट्यांतून आधी नुसती धूळ आली.

काकांनी कागद उतरवला, भोकाला डोळा लावला
आणि खड्ड्यातूनच बराच वेळ गल्ली पाहिली.
काय दिसलं ते बोलले नाहीत.
मग कागदाची घडी खिशात घालत म्हणाले,
"गाठ हप्त्यानं पाहाजो.
नवा धागा हाये. पह्यले पह्यले सैलावते."